आधी साथ, मग सोलो

अनेक आशीर्वाद.

ब्लूग्रासमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या त्या तंतुवाद्यांच्या लोकसंगीतात, बँजो वाजवून पोट भरायचं आणि पुढे स्वतःचा बँड चालवायचा, असं तू कळवलंस. मग आधी साथ शीक. रोल, म्हणजे तारा ठरावीक क्रमाने छेडण्याच्या चाली, बोटांत बसतीलच. पण तीन मिनिटांच्या गाण्यात बँजोचा सोलो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. उरलेला वेळ दुसऱ्यामागे वाजवायचं असतं, आणि बँडमध्ये घेतात ते त्यावरून.

'एक आणि दोन आणि' मोज. बेस 'एक' आणि 'दोन'वर, मेंडोलिनचा चॉप, म्हणजे कॉर्डचा (एकदम वाजवलेल्या सुरांचा) तुटक ठोका, 'आणि'वर. सोलो दुसऱ्याचा असेल तेव्हा तुझी कॉर्डही 'आणि'वर छेड आणि डाव्या हाताची पकड लगेच सैल कर, म्हणजे सूर तिथेच मिटेल. तू आणि मेंडोलिन केसभर पुढेमागे झालात की लय लंगडते. गायकाच्या शब्दांवर मात्र काही पेरू नकोस. ओळ संपल्यावर जी फट मिळते, ती तुझी.

१९४५च्या डिसेंबरात बँजोवादक अर्ल स्क्रग्ज नॅशव्हिलला ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांच्या बँडमध्ये आले, तेव्हा लोक त्यांच्या तीन बोटांच्या वेगाने थक्क झाले. तू त्यांची जुनी रेकॉर्डिंग लाव आणि त्याच बँडचे गायक लेस्टर फ्लॅट गात असताना मागे बँजो काय करतो, तेवढंच ऐक. खरी विद्या तिथे आहे.

वाद्याची घोडी, म्हणजे तारांना टेकू देणारी पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, त्यामुळे प्रवासात सरकते. दर कार्यक्रमाआधी बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या, आडव्या धातूच्या पट्टीवर) हार्मोनिक काढ, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेड, मग तीच तार तिथेच दाबून वाजव. दाबलेला सूर चढा आला तर घोडी टेलपीसकडे, म्हणजे तारा अडकवलेल्या टोकाकडे, सरकव, उतरला तर नेककडे. पहिल्या आणि चौथ्या, दोन्ही तारांवर बघ. केसाएवढी सरकवली तरी फरक कळतो.

गाण्यांची यादीही वाद्य ओळखून कर. बी सुरातलं गाणं आलं की केपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, चौथ्या फ्रेटवर. पण आखूड पाचव्या तारेपर्यंत तो पोचत नाही. ती नवव्या फ्रेटच्या खिळ्याखाली अडकवावी लागते आणि तिथे थोडी चढते, म्हणजे पुन्हा जुळवणं आलं. म्हणून एका सुरातली दोन-तीन गाणी सलग ठेव, नाहीतर अर्धा कार्यक्रम खुंट्या पिळण्यात जाईल.

पैशाचं बोलणं गाडीत बसण्याआधी. प्रत्येकाला रात्रीचे ठरलेले पैसे की पेट्रोल वजा करून वाटा, हे कागदावर हवं. चांगले फिडलवाले सोडून जातात ते बहुतेक या गोंधळापायी. कार्यक्रम पडला तरी साथीदारांचे पैसे त्याच रात्री चुकते कर. तो तोटा तुझ्या खात्यावर.

पुढच्या पत्राबरोबर रेकॉर्डिंग पाठव. सोलो नको, नुसती साथ.