दाणा ओला की पार्ट कोरडा?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत माझी प्लास्टिक वितळवून साच्यात भरणारी दोन इंजेक्शन मशीनं आहेत, नायलॉन ६ च्या क्लिपा काढतो. पावसाळा लागला की क्लिपांवर चांदीसारख्या रेघा येतात आणि बसवताना पटापट तुटतात. ऑपरेटर म्हणतो टेंपरेचर वाढवा, सप्लायर म्हणतो दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) चांगलाच आहे. पीपीला (पॉलिप्रोपिलीन, दुसरं प्लास्टिक) मात्र काहीच होत नाही. काय चुकतंय? – एक वाचक, भोसरी

उत्तर: टेंपरेचर अजिबात वाढवू नका, हे आधी सांगतो. दाणा चांगलाच असणार, पण ओला झालाय. नायलॉन हवेतला ओलावा ओढतं, पीपी जवळजवळ नाहीच, म्हणून एकाच शेडमध्ये एकाला त्रास आणि दुसऱ्याला काही नाही. गोणी फोडून तशीच उघडी ठेवली आणि बाहेर आपला जुलैचा पाऊस लागलेला असला की झालंच, बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळतो त्या नळीत, २३०-२५० डिग्रीला त्या पाण्याची वाफ होते, ती मालाबरोबर साच्यात जाते आणि पार्टवर पसरते, तीच तुमची रेघ. शिवाय एवढ्या उष्णतेत पाणी नायलॉनच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून पार्ट ठिसूळ.

खात्री करायची तर नोझल (माल साच्यात सोडणारं तोंड) साच्यापासून मागे घेऊन थोडा माल हवेत सोडा. कोरडा असेल तर गुळगुळीत दोरीसारखा पडतो, ओला असेल तर तडतडत, फसफसत येतो, गार झाल्यावर गोळा कापला तर आत बुडबुडे.

वाळवायचं ८० डिग्रीला साधारण ४ तास, ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली यायला हवा. साधा हॉट एअर हॉपर (गरम हवेने दाणा वाळवायचं भांडं) बाहेरचीच दमट हवा गरम करून आत फुंकतो, त्यामुळे मे महिन्यात पुरतं ते जुलैत पुरत नाही, हवेतला ओलावा आधी काढणारा डीह्युमिडिफायिंग ड्रायर जमत असेल तर घ्याच. पण १०० वर रात्रभर भाजत ठेवू नका, दाणा पिवळा पडतो. आणि रनर (पार्टबरोबर निघणारी जादा दांडी) दळून परत टाकता तो मालही वाळवा, बरेच जण तिथेच फसतात.

रेघा गेल्या, पार्ट चकचकीत आला आणि तरीही बसवताना तुटला, तर भानगड उलटी आहे. साच्यातून नुकतं निघालेलं नायलॉन कोरडं ठक्क असतं, आणि लवचिक व्हायला त्याला थोडं पाणी लागतंच. क्लिपा काही तास गरम पाण्यात बुडवून ठेवा, किती तास ते जाडीवर, मग वाकवून बघा, फरक हातालाच कळेल. माप मात्र त्यानंतरच घ्या, कारण पाणी पिऊन पार्ट थोडा फुगतो. मशीनवरून काढल्या काढल्या मापाचं गेज लावून ओके केलेला अख्खा लॉट दोन आठवड्यांनी घट्ट बसतोय म्हणून परत आलेला मी स्वतः सोसलाय.