पोर्ट बदलण्याआधी टूथपिक घ्या

वाचकांचे प्रश्न आणि चिपळूणच्या बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवरून त्यांची उत्तरं

या वेळी सगळ्यात जास्त पत्रं चार्जिंगबद्दल आहेत. पाऊस सुरू झाला की कोकणात हे ठरलेलंच. एक सविस्तर पत्र आधी घेते, म्हणजे त्याच दुखण्याच्या बाकीच्या मंडळींनाही त्यातच उत्तर मिळेल.

ताई, मी निवृत्त शिक्षक, मुक्काम देवरुख. फोन 2020 साली घेतलेला, प्लास्टिकच्या पाठीचा, 6000 एमएएच बॅटरीचा. हल्ली केबल तिरकी दाबून धरली तरच चार्ज होतो. दुकानदार म्हणतो, चार्जिंग बोर्ड गेलाय, 900 रुपये होतील. ऑनलाइन तोच बोर्ड 280 रुपयांना दिसतो. पूर्वी मी घरचे रेडिओ दुरुस्त करत असे, हात अजून स्थिर आहे. घरीच बदलावा का?

सर, बदला. तुमच्या फोनात हे काम सॉल्डरिंगशिवाय, म्हणजे डाख न लावता होतं. मॉडेल तुम्ही कळवलंय, पण इथे छापत नाही. जाहिरातही नको आणि बदनामीही नको.

मात्र पैसे भरण्याआधी पोर्टमध्ये, म्हणजे चार्जिंग बोर्डावरच्या ज्या भोकात केबल खुपसतो त्यात, टॉर्च मारून बघा. खिशातले कापसाचे तंतू आणि आपली लाल धूळ, दोन्ही रोज केबल खुपसताना आत ठासत जातात आणि तळाशी त्यांची वडी बसते. मग केबल आत जाते, पण पुरती जात नाही. ‘टक’ असं बसल्याचं हाताला जाणवत नाही आणि जरा धक्का लागला की चार्जिंग तुटतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडने चपटं करा आणि पोर्टच्या भिंतीलगत हलक्या हाताने फिरवा. मधल्या जिभेला अजिबात ढकलू नका, पिना तिच्यावरच असतात. सुई, टाचणी, सेफ्टी पिन यांना तर हातच लावू नका. माझ्याकडे ‘पोर्ट गेला’ म्हणून येणारी बरीच गिऱ्हाइकं एवढ्यावरच परत जातात, आणि त्याचे मी पैसे घेत नाही. दुसऱ्या खेपेला ती कव्हर घ्यायला येतातच!

कचरा काढूनही केबल डुलत असेल, किंवा जिभेवर हिरवट-काळं दिसत असेल, तर मात्र पोर्ट खरंच गेलाय. खाऱ्या, दमट हवेत पिनांवर ओल राहते, त्यात आपण चार्जर लावतो, आणि वीज चालू असताना ओल्या पिना फार लवकर गंजतात. असा पोर्ट घासून चारदोन दिवस चालतो, पुन्हा बंद पडतो.

आता 280 आणि 900. दुकानदार लुटतोय असं समजू नका. बोर्डाची किंमत, हाताची मजुरी आणि उघडताना काही तुटलं तर ते त्याच्या अंगावर, असा तो हिशेब आहे. तुम्ही घरी करणार म्हणजे ती जोखीम तुम्ही घेताय, एवढं लक्षात ठेवा. स्वस्त बोर्डात दुसरीही एक मेख असते. फोन चार्ज होतो, पण सावकाश, कारण फास्ट चार्जिंगला लागणारे सुटे भाग त्या बोर्डावर बसवलेलेच नसतात. विक्रेत्याला ‘फास्ट चार्जिंग चालेल ना, आयसीसकट (चिपसकट) आहे ना’ असं स्पष्ट विचारा. आणि फोनचं नुसतं नाव सांगून मागवू नका. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’मध्ये मॉडेल नंबर असतो, तो सांगा. एकाच नावाने विकलेल्या दोन फोनांचे बोर्ड वेगळे निघतात.

सामान फार लागत नाही. पीएच-00 मापाचा, म्हणजे बारीक चौफुली टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, बारीक चिमटा, प्लास्टिकचं पिक, म्हणजे फटीत घालायचा पातळ तुकडा. पिक नसेल तर नवं सिम ज्या कार्डातून मोडून काढतो, त्या कार्डाचा तुकडा उत्तम चालतो. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर फोनचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवत जा. मी आजही असंच करते. स्क्रू दिसायला सारखे, पण लांबी वेगळी. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो खालच्या डिस्प्लेला मागून टोचतो. मग 280 च्या बोर्डापायी डिस्प्लेचा खर्च गळ्यात पडतो.

बॅटरी 25 टक्क्यांच्या खाली आल्यावरच काम सुरू करा. फोन बंद करून आधी सिमचा ट्रे बाहेर काढा. ट्रे आत राहिला आणि पाठ ओढली की एक तर ट्रे तुटतो, नाही तर फ्रेम. तुमच्या फोनाची पाठ खाचांवर बसलेली आहे, त्यामुळे गरम करायची गरज नाही. खालच्या कोपऱ्यातून पिक घाला, दोनतीन मिलिमीटरच, आणि कडेकडेने सरकवत न्या. पाठ सुटली की झटकन उचलू नका. बोटाचा ठसा मागच्या बाजूला असलेल्या बऱ्याच फोनांत त्या सेन्सरची पातळ पट्टी, म्हणजे चपटी तार, पाठीला जोडलेली असते. पाठ पुस्तकासारखी उघडा, आत डोकावा आणि पट्टी असेल तर आधी ती सोडवा.

आतल्या प्लास्टिक झाकणाचे स्क्रू काढले की बॅटरीचं कनेक्टर दिसेल. पहिलं ते सोडवायचं, प्लास्टिकच्या टोकाने, सरळ वर उचलून. बॅटरी जोडलेली ठेवून पुढचं काहीही करू नका. नंतर खालचा रिंगर, म्हणजे लाऊडस्पीकरचा डबा काढा. त्याखाली तुमचा चार्जिंग बोर्ड आहे. बॅटरीवरून आलेली रुंद पट्टी त्यात बसवलेली असेल, तीही तशीच वर उचलायची. बॅटरी चिकटवलेली आहे, तिला हलवायचं कारण नाही.

आता एका तारेकडे नीट बघा. ही तार फोनाच्या कडेने वरच्या बोर्डापासून खालच्या बोर्डापर्यंत जाते, शिवणाच्या जाड दोऱ्याएवढी, काळी किंवा पांढरी; काही फोनांत अशा दोन असतात. टोकाला मोहरीहून जरा मोठी सोनेरी गोल टोपी असते. ती अँटेनाची तार. नेटवर्कचा मुख्य अँटेना बहुतेक फोनांत खालच्या बाजूला असतो आणि या तारेतूनच तो वरच्या बोर्डाशी बोलतो. घरी पोर्ट बदलून माझ्याकडे येणाऱ्या फोनांची नेहमीची तक्रार ‘चार्जिंग झकास, पण रेंज गेली’ अशी असते. कारण एकच: टोपी जागेवर दिसते, पण बसलेली नसते. बसवताना टोपी बरोबर बटणावर आणा, चिमट्याने नव्हे, बोटाने दाबा. अगदी बारीक ‘टिक’ लागेल. टिक लागली नाही तर जोर करू नका. उचला, सरळ करा, पुन्हा ठेवा. तिरकी दाबली की टोपीची कडा पसरते आणि मग ती कधीच धरत नाही.

माइकही याच बोर्डावर असतो. जुन्या बोर्डाच्या माइकवर रबराची चिमुकली टोपी असते, नव्यावर नसेल तर तीच काढून बसवा. ती राहिली की समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लागतो.

सगळे स्क्रू पिळण्याआधी पट्ट्या आणि रिंगर जागेवर ठेवा, शेवटी बॅटरी जोडा आणि फोन चालू करा. चार्जर लावून बघा, घरच्या कुणाला फोन लावा, व्हॉइस रेकॉर्डरवर दोन वाक्यं बोला, हेडफोन घालून बघा. यूएसबी मीटर, म्हणजे व्होल्ट दाखवणारा छोटा मीटर असेल तर चार्जर आणि केबलच्या मध्ये लावा. तुमच्या फोनाच्या फास्ट चार्जिंगला मीटर 9 व्होल्टच्या आसपास दाखवतो, चार्जर आणि केबल फास्ट चार्जिंगची असूनही 5 वरच अडला तर बोर्ड साधा निघाला असणार, परत पाठवा. सगळं ठीक असेल तर पुन्हा बंद करा, बॅटरीचं कनेक्टर काढा, स्क्रू पिळा, कनेक्टर लावा, पाठ दाबून बसवा.

बाकीच्यांसाठी: ज्यांच्या फोनाची पाठ काचेची आणि गोंदाने चिकटवलेली आहे, त्यांनी पहिलाच प्रयोग त्यावर करू नये. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर फोन उघडूच नये.

आमच्या यजमानांना ऐकू कमी येतं. फोन शर्टाच्या खिशात असतो, तो थरथरला की त्यांना कळतं. आता थरथरणंच बंद झालंय. व्हायब्रेटर वेगळा मिळतो का? मुलगा बसवीन म्हणतो. — एक गृहिणी, खेड

मिळतो, ताई, आणि फार स्वस्त मिळतो. पण मुलाला आधी सेटिंग बघू दे. बॅटरी सेव्हर चालू असला की काही फोनांत व्हायब्रेशन आपोआप बंद होतं. सॅमसंगच्या फोनात डायलरवर *#0*# दाबलं की तपासणीचा तक्ता येतो, त्यात व्हायब्रेशनचं बटण असतं. त्यावरही थरथरला नाही तर मोटर गेली.

साध्या फोनातली मोटर शर्टाच्या बटणाएवढी गोल चकती असते. आत एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं आणि त्या असमतोलाने फोन हलतो. बऱ्याच फोनांत ती दुहेरी टेपने चिकटवलेली असते आणि खालच्या दोन स्प्रिंगांवर टेकते, अशी असेल तर मुलगा खुशाल बसवू शकेल. दोन तारा बोर्डाला डाखलेल्या दिसल्या तर मात्र झाकण लावून दुकानात आणा. सुटी मोटर तपासायला दोन पेन्सिल सेल एकामागे एक लावले की 3 व्होल्ट मिळतात, त्याला क्षणभर टेकवा. चकती असेल तर गुरगुरेल. फोन महागातला असेल तर आत लांबट चौकोनी मोटर असू शकते. ती सेलवर नुसती एकदा ‘टक’ करते, कारण तिला उलटसुलट होणारी वीज लागते. तिला मेली समजून फेकू नका.

तोवर यजमानांच्या फोनाच्या सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये कॉल आल्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडझाप करण्याची सोय आहे का बघा. अँड्रॉइड 14 पासून ती अँड्रॉइडमध्येच आहे, आयफोनमध्ये आणि काही कंपन्यांच्या फोनांत त्याआधीपासून. खिशात ती फारशी उपयोगी नाही, पण फोन टेबलावर असला की दिसतं.

ताई, माझ्या फोनची पाठ मधूनच उचलली गेलीय, डिस्प्लेही कडेला सुटलाय. नवी बॅटरी ऑनलाइन मागवलीय. यूट्यूबवर बघून बदलतो, चालेल ना? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, रत्नागिरी

नाही चालणार. बॅटरी फुगलीय तुझी. धड बॅटरी बदलायला मी नको म्हटलं नसतं, पण फुगलेली आणि वर गोंदाने चिकटलेली बॅटरी पट्टीने उकरताना टोक आत घुसलं तर ती पेट घेते, आणि खोलीत धूर होईपर्यंत सावरायलाही वेळ मिळत नाही. आजपासून तो फोन चार्जला लावू नकोस, पाठ दाबून बसवू नकोस, गादीवर ठेवू नकोस. बंद कर आणि दुकानात ने. काढलेली बॅटरी नगरपालिकेच्या घंटागाडीत टाकायची नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करून घेण्याची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्यांची आहे. दुकानदाराला विचार, तो पुढे देतो की नाही. देत नसेल तर सर्व्हिस सेंटरला दे.

फोन पाण्यात पडला. शेजारणीने तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला. दोन दिवसांनी काढला, आता चार्जिंगला लावला की ‘ओलावा आहे’ असा संदेश येतो. — गुहागर

तांदळाने पाणी शोषलं जात नाही, निदान फोनच्या आतलं तरी नाही. वर तांदळाची भुकटी पोर्टमध्ये जाते. अ‍ॅपलने तर आपल्या मदत पानावर तांदळाच्या पिशवीत फोन ठेवू नका असं सरळ लिहून ठेवलंय. जुलै 2021 च्या पुरानंतर इथे काउंटरवर चिखलाने भरलेल्या फोनांचा ढीग होता, आणि त्यात तांदळात ठेवून, वाट बघून आणलेले फोन जास्त खराब निघाले, कारण तेवढे दिवस आत गंज चढत होता. पाण्यात पडलेला फोन लगेच बंद करून उघडून घ्यायचा, वाळवत बसायचा नाही.

तुमचा फोन मात्र चालू आहे आणि संदेश पोर्टपुरताच आहे. तो खरा धरा आणि चार्जर लावू नका. पोर्ट खाली करून पंख्यासमोर एक रात्र ठेवा. सकाळीही संदेश आला तर पिनांवर क्षार बसलाय. फोन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने पोर्ट पुसा. 99 टक्क्यांचं घ्या, केमिस्टकडचं हात पुसायचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पुरतं वाळू द्या, मगच फोन चालू करा. त्यानेही गेला नाही तर वरचं देवरुखच्या सरांचं उत्तर वाचा.

कंपनीचे सुटे भाग सामान्य माणसाला कुठे विचारायचे? — दापोली

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाचं राईट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल डिसेंबर 2022 पासून सुरू आहे. त्यात सहभागी कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं, वॉरंटीच्या अटी आणि दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते. आधी तिथे बघा. सुटा चार्जिंग बोर्ड कंपनीकडून थेट हातात मिळेलच असं नाही, पण अधिकृत दर कळला की बाजारात घासाघीस करता येते. माझ्याशीसुद्धा.