क्ष-अक्षात परावर्तन: चिन्ह कोणाचे बदलायचे?

प्रश्न: मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत नववीला गणित शिकवते. ‘बिंदूचे क्ष-अक्षात परावर्तन करा’ असे सांगितले की अनेक मुले क्ष-निर्देशकाचेच चिन्ह बदलतात. नियम पाठ करून घेतला, तरी चाचणीत तीच गफलत होते. काय करावे?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर: प्रश्नात नाव क्ष-चे येते, तेव्हा बदलही क्ष-मध्येच व्हायला हवा, हा मुलांचा तर्क त्यांच्यापुरता सरळ आहे, आणि पाठ केलेला नियम नेमका त्याच्या उलट जात असल्याने तो चाचणीपर्यंत टिकत नाही. म्हणून चिन्हांचा नियम काही दिवस बाजूला ठेवून अक्षाकडे आरसा म्हणून पाहायला लावावे. रंकाळ्याच्या पाण्यात शालिनी पॅलेसचे प्रतिबिंब तुमच्या मुलांनी पाहिलेले असणारच. इमारतीचा माथा खाली जातो, पण तिची डावी बाजू डावीकडेच राहते. पाण्याची कड हा क्ष-अक्ष धरला, तर बदलते ती उंची, म्हणजे य-निर्देशक.

त्यानंतर आलेख कागदावर (−४, ३) हा बिंदू द्यावा. पहिल्या चरणातल्या बिंदूनेच सुरुवात करण्याची आपल्याकडची सवय मला गैरसोयीची वाटते, कारण त्यातून परावर्तन म्हणजे ‘उणे लावणे’ हा समज पक्का होतो. येथे य-अक्षात परावर्तन केले की उणे चिन्ह उलट निघून जाते आणि प्रतिमा (४, ३) येते. कागदाला य-अक्षावर घडी घालून कर्कटकाच्या टोकाने बिंदू टोचावा. घडी उलगडल्यावर बिंदू व प्रतिमा जोडणारा रेषाखंड अक्षाला काटकोनात छेदतो आणि तेथेच दुभागला जातो, हे मुलांना घरे मोजून स्वतः ताडून पाहता येते. आरशाची रेषा ही त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक असते, एवढेच खरे तर शिकवायचे आहे. (५, ०) हा बिंदू क्ष-अक्षात जागचा हलत नाही, हे मग ओघाने आलेच.

पुढे आरसा सरकवावा. क्ष = २ या रेषेत (−४, ३) चे परावर्तन विचारले, तर चिन्हांचा नियम काहीच कामाचा राहत नाही; बिंदू रेषेच्या डावीकडे ६ एकक आहे, म्हणून प्रतिमा उजवीकडे ६ एकक, म्हणजे (८, ३) येथे मिळते.

चाचणीत मात्र प्रश्न उलटा घालावा: (३, −१) ची प्रतिमा (३, ७) असेल, तर आरसा कोणत्या रेषेवर आहे? उत्तर य = ३ असे आहे. चिन्ह बदललेले पाहून जो लगेच ‘क्ष-अक्ष’ लिहितो, त्याला पुन्हा घडीच्या कागदाकडे न्यावे.