वाचकांचे प्रश्न : बालविभागाच्या कपाटाचे कुलूप

मुलांचे वाचन आणि गावचे वाचनालय या विषयावर विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण उरलेल्या तिन्ही पत्रांतल्या अडचणींचे मूळ बव्हंशी त्याच पत्रात आहे.

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील एका गावात ‘ड’ वर्ग वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. आमच्या बालविभागातली पुस्तके काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात. शाळा सुटली की मुले येतात, काचेला नाक लावून पाहतात आणि निघून जातात. कुलूप काढले तर पुस्तके फाटतील, हरवतील आणि त्यांची भरपाई तुमच्या मानधनातून करावी लागेल, असे कार्यकारिणीचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर : कुलूप काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी आपल्या कार्यकारिणीची भीती दूर केली पाहिजे, कारण ती अगदीच निराधार नाही. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली गावोगावची वाचनालये स्थानिक संस्था चालवतात आणि शासन त्यांना वर्गानुसार अनुदान देते. ‘ड’ वर्ग ही त्यातली शेवटची पायरी आहे. हाती येणारी रक्कम बेताची असते आणि तपासणीत दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही) व कपाट यांचा मेळ बसवून दाखवावा लागतो. अशा वेळी पुस्तक वाचले गेले नाही तरी चालेल, पण जागेवर दिसले पाहिजे, अशी मनाची ठेवण होऊन बसते, आणि त्यात कोणा एकाचा दोष नसतो.

कार्यकारिणीपुढे एक आधार ठेवता येईल. केंद्र शासनाच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक स्वतंत्र तरतूद आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी मानावे, असे ती सांगते. अट एवढीच, की ते अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे गेलेले नसावेत. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी असल्यामुळे आपल्याला तो थेट लागू होत नाही. तरीही पुस्तके वापरली की काही जाणारच, हे देशाच्या सरकारने लेखी मान्य केलेले आहे, ही गोष्ट सभेत मोलाची ठरते. तिचा आधार घेऊन कार्यकारिणीकडून एक ठराव करून घ्यावा : दरवर्षी पुस्तकांची पडताळणी होईल, वापरामुळे फाटलेल्या व गहाळ झालेल्या बालपुस्तकांची यादी सभेपुढे येईल, त्यांचे रीतसर निर्लेखन होईल, म्हणजे ती नोंदीतून कमी केली जातील, आणि त्यापोटी ग्रंथपालाच्या मानधनातून कपात केली जाणार नाही. निर्लेखनाच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख नोंदवहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात त्या त्या पुस्तकासमोर लिहावी. कागद नीट असला की तपासणीची धास्ती पुष्कळ कमी होते.

आपल्याकडील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा त्यातला पहिला. इतकी उघड गोष्ट सिद्धान्त म्हणून का सांगावी लागली, हे समजावताना त्यांनी मध्ययुगीन युरोपातल्या, फळीला साखळीने जखडून ठेवलेल्या ग्रंथांचा दाखला दिला आहे. आपल्या बालविभागाचे काचेचे कपाट पाहिले की मला त्या साखळीची आठवण होते.

आता कपाट उघडण्यामागचे खरे कारण सांगतो. सात-आठ वर्षांचे मूल पुस्तक कसे निवडते, हे एकदा शांतपणे पाहावे. ते लेखकाचे नाव वाचत नाही. आधी पुस्तक उचलून त्याची जाडी अजमावते. मग मधलेच पान उघडते, अक्षर मोठे आहे का आणि चित्र आहे का ते बघते, दोन ओळी ओठ हलवत वाचते आणि पुस्तक खाली ठेवून दुसरे उचलते. अशी पाच-सहा पुस्तके खाली-वर झाल्यावर एखादे पुस्तक ते पोटाशी धरते आणि म्हणते, “काकाजी, मले हे लाल वालं पाह्यजे.” या निवडीला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि माझ्या मते वाचक घडतो तो याच काळात. काचेमागच्या पुस्तकाच्या बाबतीत हे काहीच घडत नाही, कारण तेथे मुलाला पुस्तकाचा फक्त कणा, म्हणजे शिवणीकडची कड, दिसतो आणि निवड ग्रंथपालाला करावी लागते. ग्रंथपालाने हाती दिलेले पुस्तक मूल घरी नेते आणि तसेच परत आणते. स्वतः हुडकलेले पुस्तक मात्र ते वाचून टाकते, आणि नाही आवडले तर पुढच्या वेळी अधिक पारखून घेते.

त्यामुळे मांडणी बदलावी लागेल. आपल्याकडे नवीन पुस्तक आले की त्याला खाकी कागदाचे कव्हर घालून कण्यावर क्रमांक टाकण्याची पद्धत आहे. मोठ्यांच्या कादंबऱ्यांना ते चालते, पण बालपुस्तकाचे मुखपृष्ठ झाकले की मुलाच्या दृष्टीने ते पुस्तकच नाहीसे होते. खाकी कव्हरे काढून पारदर्शक प्लास्टिक घालावे. मुलांची बरीचशी पुस्तके पिना मारलेली आणि पातळ असतात. ती कपाटात उभी राहत नाहीत आणि राहिली तरी कुठले पुस्तक कोणते ते कळत नाही. संत्र्यासाठी वापरतात ते प्लास्टिकचे क्रेट आपल्या भागात सहज मिळतात. असे तीन-चार क्रेट धुऊन, तळाशी पुठ्ठा घालून, मुखपृष्ठे समोर येतील अशा रीतीने पुस्तके त्यांत लावावी आणि क्रेट सतरंजीवर, मुलाच्या हाताच्या उंचीला ठेवावे. वर्गीकरणाचे आकडे नोंदवहीत असू द्यावे. मुलांसाठी कण्यावर तीन रंगांच्या चिकटपट्ट्या पुरतात : नुकते वाचू लागलेल्यांसाठी एक, सलग गोष्ट वाचणाऱ्यांसाठी दुसरा, मोठ्या गोष्टींसाठी तिसरा. कोणत्या मुलाने कोणत्या रंगाचे पुस्तक घ्यावे, यावर मात्र बंधन नसावे.

वेळेचाही विचार व्हावा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात, म्हणजे मुलांच्या सुट्टीचा सर्वांत मोकळा काळ नेमका भर उन्हाळ्यात येतो, आणि तेव्हा दुपारी अकरानंतर मुलांना घराबाहेर पाठवणे धोक्याचे असते. मे आणि जूनमध्ये बालविभागाची देवघेव सकाळी सात ते नऊ ठेवावी आणि एका वेळी दोन किंवा तीन पुस्तके द्यावी, म्हणजे दुपार घरात वाचण्यात जाईल. कापसाच्या वेच्याच्या दिवसांत मुलेही आईबरोबर वावरात जातात. त्या काळात परतीची तारीख ओलांडली तर दंड घेऊ नये. दंडाच्या दोन रुपयांपायी आईने मुलाला पुन्हा वाचनालयात न पाठवल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. वाचनालयातून तो चित्रांचीच पुस्तके आणतो आणि त्यातलेही एकच पुस्तक पुन्हा पुन्हा नेतो. घरचे म्हणतात, ही वेळेची नासाडी आहे, त्याला ज्ञानाची पुस्तके द्या. मी त्याला अडवू का? – एक आई, आर्णी तालुका

उत्तर : ताई, कृपया अडवू नका. आपल्या पत्रावरून मुलगा वाचनाच्या अगदी योग्य वाटेवर दिसतो. पहिल्या वाचनात मुलाचे सगळे बळ अक्षरे जुळवण्यात खर्च होते आणि गोष्ट अर्धीच हाती लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शब्द ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे मूल तुकड्यातुकड्याने न वाचता वाक्य एका श्वासात वाचते आणि वाचण्यातली गती त्याला प्रथमच जाणवते. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ते होताना पाहण्याचा आनंद वेगळाच असतो. गावातली मोठी माणसे तीच हरिकथा दरवर्षी ऐकतात, ती याच ओढीने. चित्रांविषयीही संकोच नको. चित्रात काय चालले आहे आणि शेजारच्या ओळीत काय लिहिले आहे, याचा मेळ घालणे हे चौथीच्या मुलासाठी चांगले बुद्धीचे काम आहे.

एक मात्र कळकळीने सुचवतो. पुस्तक वाचून झाल्यावर ‘यातून काय बोध घेतलास’ असे विचारू नये. शाळेत प्रत्येक धड्याखाली प्रश्न असतातच. घरी आणलेल्या गोष्टीच्या मागेही प्रश्न लागले की मूल गोष्टीपासूनच दूर पळू लागते. विचारायचेच असेल, तर ‘मलाही वाचून दाखव’ असे म्हणावे आणि स्वयंपाक करता करता ऐकावे.

पुढची पायरी म्हणून एकच नायक असलेल्या मालिका ग्रंथपालांकडे मागाव्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीहून शहरात शिकायला आलेला किडकिडीत, सायकलवेडा मुलगा. त्याची आपल्या मुलाशी जवळीक होणे अवघड नाही. मालिकेचा गुण असा, की पहिले पुस्तक संपल्यावर दुसरे कोणते, हा प्रश्न मुलाला पडतच नाही आणि ते आपल्या पायांनी वाचनालयात येते. याशिवाय ‘बालभारती’ 1971पासून काढत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आपल्या वाचनालयात संगणक असेल, तर त्यातल्या निवडक गोष्टींच्या छापील प्रती काढून मुलांना देण्याविषयी ग्रंथपालांशी बोलून पाहावे.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाची आता अभ्यासिका झाली आहे. स्पर्धा परीक्षेची मुले सर्व खुर्च्या अडवून बसतात. लहान मुलांनी जरा आवाज केला की त्यांना बाहेर काढले जाते. हे योग्य आहे का? – एक सभासद, वरोरा तालुका

उत्तर : अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना दोष देऊ नये. खेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांना शांत कोपरा मिळत नाही, म्हणून ती वाचनालयात येतात, आणि त्यांचा तो हक्क आहे. पण बालवाचकाला बाहेर काढणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. जागा एकच असेल तर वेळ वाटून घ्यावा : संध्याकाळी साडेपाच ते सात बालविभाग, त्या वेळी आवाजाला मुभा, आणि पुढे अभ्यासिका. अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्यांनाच आळीपाळीने शनिवारी अर्धा तास मुलांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवण्याची विनंती करावी. गावातला शिकणारा दादा किंवा ताई हाती पुस्तक घेऊन बसलेली दिसणे, हे मुलांच्या दृष्टीने फार मोठे आमंत्रण असते.

प्रश्न : मी साने गुरुजींच्या पुस्तकांवर वाढलो. ‘श्यामची आई’ वाचून मी पहिल्यांदा रडलो आणि तेव्हापासून आजपर्यंत वाचतो आहे. सहावीतल्या नातवाला ते पुस्तक दिले, तर चार पाने वाचून तो म्हणाला, “आबाजी, हे लय कठीण आहे.” मन खट्टू झाले. काय करावे? – एक आजोबा, साकोली तालुका

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो. ज्या पुस्तकाने आपल्याला घडवले, ते आपल्या माणसाने बाजूला ठेवलेले पाहवत नाही. परंतु नातवाने ते नाकारले ते भाषेच्या ओझ्यामुळे, आशयामुळे नव्हे, असे मला वाटते. त्यातले कोकणातले घर, तिथले सण, नात्यांची संबोधने आणि संस्कृत श्लोक हे सारे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या आजच्या मुलाला अनोळखी आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्याची रचना रात्रींची ठेवली : आश्रमातली प्रार्थना आटोपल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. पुस्तकच असे ऐकण्यासाठी बांधलेले असताना ते मुलाने एकट्याने मुकाट्याने वाचावे, असा आग्रह का धरावा? जेवणे झाल्यावर आपण एकेक रात्र वाचून दाखवावी. कठीण शब्द आला तर न थांबता त्याचा अर्थ बोलीत सांगून पुढे जावे, आणि एखादी रात्र रुचली नाही तर सोडून द्यावी. आपल्या विदर्भाला ही रीत नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ कितीतरी घरांत ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशांनी प्रथम ऐकली आणि कित्येक ओव्या पाठ केल्या.

त्याचबरोबर नातवाच्या डोळ्यांसमोरचे जग असलेले पुस्तकही त्याला मिळू द्यावे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला काढलेल्या काळावर ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले आहे. ते मुलांसाठी लिहिलेले नाही. पण त्यातले पाण्याचे, पाखरांचे आणि रानाचे निवडक उतारे आपण वाचून दाखवू शकता. आपल्या घरापासून फार दूर नसलेले तळे पुस्तकात आलेले आहे, हे कळल्यावर मूल कान टवकारते, आणि बहुतेक वेळा पुढचे पान स्वतः वाचू लागते. शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीत त्याला नवेगावबांधला न्यावे. हिवाळी पाखरे तोवर येऊ लागलेली असतात. जाताना पुस्तक पिशवीत असावे; मात्र तेथे गेल्यावर ते त्याने मागितले तरच काढावे.