संगणक बंद पडला, पण हार्ड डिस्क?

प्रश्न : मे महिन्यातल्या वादळी पावसात वीज गेली आणि काही मिनिटांनी झटक्याने परत आली, तेव्हापासून आमचा आठ वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप सुरूच होत नाही, बटण दाबले तरी आतला पंखासुद्धा फिरत नाही. बर्डीवरील दुकानदाराने मदरबोर्ड जळाल्याचे सांगून नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. मुलीच्या लग्नाचे फोटो आणि शेताच्या सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती त्यातच आहेत. त्या परत मिळतील काय?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मिळण्याची शक्यता बरीच आहे. मदरबोर्ड किंवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) जळणे वेगळे आणि हार्ड डिस्क जाणे वेगळे. आपले फोटो डिस्कच्या आतील चकत्यांवर असतात आणि संगणक मुका झाला म्हणून ते पुसले जात नाहीत. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीसह पुन्हा काढता येतो, लग्नाचे फोटो मात्र कोठूनही काढता येणार नाहीत, म्हणून डिस्क हाती लागताच आधी फोटो उतरवून घ्यावेत.

भिंतीतील प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी आणि मगच बाजूचा पत्रा उघडून डिस्कचे स्क्रू व दोन्ही केबल काढाव्यात. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क चालायला 12 आणि 5 असे दोन्ही व्होल्ट लागतात, तर यूएसबीतून केवळ 5 व्होल्ट मिळतात. त्यामुळे लॅपटॉपच्या डिस्कसाठी मिळणारी साधी केबल येथे चालणार नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडण्यासाठी सोबत स्वतःचा विजेचा अडॅप्टर असलेली साटा-यूएसबी केबल किंवा डॉक (डिस्क खोचून ठेवायचा स्टँड) मागावा.

डिस्क टेबलावर सपाट ठेवून (नागपूरच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या कूलरसमोर तर मुळीच नको) तिला वीज द्यावी आणि कान देऊन ऐकावे. एकसारखी घरघर येत असेल, तर काम सोपे आहे. ठराविक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल, तर आतील वाचणारे हेड बिघडले आहे असे समजून त्या क्षणी वीज काढावी आणि ‘एकदा पाहू तरी’ म्हणून पुन्हा देऊ नये, कारण बिघडलेले हेड चकतीवर घासले की तेथील माहिती कायमची जाते. अशी डिस्क घरी उघडणे किंवा फ्रीजरमध्ये ठेवणे हे ऐकीव उपाय मला अघोरी वाटतात. हेड चकतीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. तेथे धुळीचा कण म्हणजे वाटेतला धोंडाच.

डिस्क अजिबात आवाज करत नसेल, तर विजेच्या झटक्याने तिच्या खालच्या हिरव्या सर्किटवरील संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असू शकतो, आणि तो जाणकाराला दुरुस्त करता येतो. त्याच मॉडेलचे दुसरे सर्किट लावून देतो असे कोणी म्हणाल्यास जुन्या सर्किटवरील रॉम चिप नव्यावर बसवणार का, हे अवश्य विचारावे. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापे बहुधा त्या चिपमध्ये असतात, आणि ती नसली तर डिस्क ओळखलीच जात नाही.

डिस्क दिसली, पण विंडोजने ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असे म्हटले, तर रद्द करा. येथेच अनेकांचा घात होतो. चेकडिस्क हे विंडोजमधील डिस्क तपासण्याचे साधनही चालवू नये, कारण दुरुस्ती करताना ते डिस्कवर लिहिते. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत साधने अशा वेळी उपयोगी पडतात. वाचवलेल्या फायली मात्र त्याच डिस्कवर न ठेवता दुसरीवर ठेवाव्यात. फोल्डर उघडण्यास परवानगी नाही असा संदेश आला, तर ‘कंटिन्यू’ दाबल्यावर तो बहुधा उघडतो. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) लावलेला असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की शोधावी लागेल. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती आहे का, ते पाहावे.

टक-टक करणारी डिस्क तज्ज्ञाकडे देताना माहिती न मिळाल्यास पैसे द्यावे लागतील का, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे आणि पैसे देण्यापूर्वी मिळालेल्या फायलींची यादी पाहावी. घरीच फोटो उतरले, तर प्रत्येक फोल्डरमधील दहा-बारा फोटो उघडून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ नये.