सिरिंजमधला नायट्रोजन डायऑक्साइड दाबला तर रंग फिका व्हायला हवा ना? मग गडद का होतो?

‘दाब वाढवला की रंग फिका होतो’ हे पुस्तकातलं वाक्य चुकीचं नाही, अर्धवट आहे. दाब वाढला की नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन तपकिरी रेणू जोडून एक रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड होतो आणि समतोल (दोन्ही वायूंमधला तोल) त्या बाजूला सरकतो, हे खरंच. पण सरकतो किती, हे कुणी सांगत नाही. तिथेच सगळी मेख आहे.

आकडे मांडून बघू. २५ अंश सेल्सियसला समतोल स्थिरांक (तपकिरी वायूच्या आंशिक दाबाचा, म्हणजे एकूण दाबातल्या त्याच्या वाट्याचा, वर्ग भागिले रंगहीन वायूचा आंशिक दाब) साधारण ०.१५ धरा. एकूण दाब १ अ‍ॅटमॉस्फियर असेल तर त्या दाबातला तपकिरी वायूचा वाटा सुमारे ०.३२ अ‍ॅटमॉस्फियर येतो. आता दट्ट्या दाबून आकारमान निम्मं करा. त्या क्षणी तो वाटा ०.६४ होतो, म्हणून रंग एकदम गडद. मग जोडण्याचा वेग तुटण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि वाटा उतरत ०.४७ च्या आसपास स्थिरावतो. म्हणजे ०.६४ पेक्षा फिका, पण ०.३२ पेक्षा गडदच. समतोल सरकल्याने बदलाची धार कमी होते, बदल पुसला जात नाही. आणि ०.४७ वर अभिक्रिया थांबलेली नसते, जोडणं-तुटणं चालूच असतं, फक्त सारख्या वेगाने.

या प्रयोगाच्या व्हिडिओंमध्ये आणखी एक भानगड असते. झटकन दाबलं की वायू तापतो, आणि टेट्रॉक्साइड तुटायला उष्णता लागत असल्याने (मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल) तापल्यावर तपकिरी वायू आणखी वाढतो. सिरिंज निवेपर्यंत थांबल्याशिवाय तुलना करू नये.

निव्वळ सरकणंच पाहायचं असेल तर बाजूने नव्हे, सिरिंजच्या लांबीच्या दिशेने बघा. तिथून डोळ्यासमोर रेणू दाबण्याआधी होते तितकेच येतात, त्यामुळे नुसत्या दाबण्याने रंग बदलत नाही; पुढे दिसतं ते फिकं होणं खरं. (वायू विषारी आहे, घरी करू नका.)

आर्गॉन (कशाशीही अभिक्रिया न करणारा वायू) सिरिंजमध्ये सोडला तर काय होईल, असंही विचारलंय: दट्ट्या घट्ट धरून आत सोडलात तर काहीच होणार नाही, कारण दोन्ही वायूंचे आंशिक दाब तेच राहतात. दट्ट्या मोकळा असेल तर आकारमान वाढतं आणि टेट्रॉक्साइड तुटू लागतो.