इंग्लंडमध्ये नर्सने व्हिडिओ कॉलवर बोटॉक्स लिहून दिलं तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये नर्स आहात, व्ही-३०० (नर्सला औषध लिहून द्यायचा अधिकार देणारा कोर्स) नुकतंच पास झालात. मैत्रिणीचं सलून आहे. तिच्याकडे येणाऱ्या बायकांना तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघून बोटॉक्स (सुरकुत्या कमी करायचं इंजेक्शन) लिहून द्यायचं, टोचणार ती. "सगळेच करतात," असं ती म्हणते.

नाही, करू नका. १ जून २०२५ पासून इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने स्पष्ट केलंय की सौंदर्योपचारासाठी प्रिस्क्रिप्शनचं औषध लिहायचं, तर त्या व्यक्तीला आधी समोरासमोर तपासलंच पाहिजे. फोन, व्हिडिओ, मैत्रिणीने भरून घेतलेला फॉर्म, काहीही चालत नाही. डॉक्टरांवर त्यांच्या कौन्सिलने ही बंदी २०१२ मध्येच घातली होती.

मी स्वतः प्रिस्क्रायबर, म्हणजे औषध लिहून देणारी आहे, म्हणून एक प्रसंग सांगते. एक बाई कपाळावरच्या आठ्यांसाठी आल्या होत्या. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहिलेलं, आजार नाही, गोळ्या नाहीत. मी त्यांना कपाळावरचे केस मागे घ्यायला लावले, भुवया वर करायला सांगितलं, मग थोडा वेळ वरच बघत राहायला सांगितलं. डावी पापणी हळूहळू खाली यायला लागली. विचारलं तर म्हणाल्या, "संध्याकाळी होतं असं, थकवा असेल." मायस्थेनियासारख्या, स्नायू लवकर थकणाऱ्या आजारात बोटॉक्स धोक्याचं असतं. मी काही लिहून दिलं नाही, त्यांच्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, पत्र दिलं. पुढे काय निघालं ते मला कळलं नाही. पण मोबाइलच्या स्क्रीनवर, केस कपाळावर आलेले असताना, ती पापणी मला दिसली नसती हे नक्की.

टोचणार दुसरी व्यक्ती, हे मात्र कायद्यात बसतं. ह्युमन मेडिसिन्स रेग्युलेशन्स २०१२ प्रमाणे असं इंजेक्शन प्रिस्क्रायबरने स्वतः द्यावं किंवा त्याच्या सूचनेनुसार दुसऱ्याने द्यावं. पण सूचना तुमची, म्हणजे जबाबदारीही तुमची. मैत्रिणीचं प्रशिक्षण कुठे झालं, पापणी पडली तर ती कुणाला फोन करणार, ॲलर्जीची रिॲक्शन आली तर तिला काय करता येतं, हे तुम्हाला आधीच माहीत हवं. चौकशी झाली तर पिन नंबर, म्हणजे नर्स म्हणून नोंदणी, तुमची जाऊ शकते, तिच्याकडे ती नाहीच. आपण महाराष्ट्रात जीएनएम किंवा बीएस्सी केलेल्या मुली. डॉक्टरांनी लिहायचं आणि आपण द्यायचं, हे अंगात मुरलेलं. इथे लिहिणाऱ्या आपण झालो की ती सवय आड येते. देणारी नीट देईल, असं आपण गृहीत धरून बसतो.

आणखी एक मोह सलूनमध्ये हमखास होतो. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा ठरलेला डोस २० युनिट आणि व्हायल ५० किंवा १०० युनिटची. उरलेलं पुढच्या बाईला, असं सर्रास होतं. एकीच्या नावाने लिहिलेलं औषध दुसरीला देता येत नाही. तसं झालेलं कळलं तर त्याच दिवशी काम थांबवा.

फिलरबद्दल मैत्रीण गोंधळ घालेल. फिलर (ओठ, गाल भरीव दिसायला टोचतात ते जेल) स्वतः प्रिस्क्रिप्शनचं औषध नाही, पण ते विरघळवायला लागणारं हायल्युरोनिडेज आहे, आणि ते नेमकं गडबड झाली की लागतं. अठराच्या आतल्या मुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर टोचणं इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून गुन्हा आहे, आईने परवानगी दिली तरी.

तुम्हाला हे काम करायचंच असेल तर आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि सलूनमध्ये स्वतः बसा. बाईला बघा, तिच्याशी एकटीशी बोला, नोंद स्वतःच्या हाताने लिहा. नको म्हणायची वेळ आली तर तेही तिच्यासमोरच म्हणा. मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा की तपासण्याची फी प्रिस्क्रिप्शन दिलं नाही तरी घेणार, म्हणजे 'हो' म्हणायचं दडपण येणार नाही. आणि विमा! एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या नोकरीचं संरक्षण या खासगी कामाला लागू होत नाही. दुसऱ्याने टोचायचं औषध तुम्ही लिहिणार आहात, हे विमा कंपनीला तसंच्या तसं कळवा आणि उत्तर लेखी मागा. ते हातात येईपर्यंत एकही प्रिस्क्रिप्शन लिहू नका.